कच्चे मडके आणि थोटे हात : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील पापविचाराचा एक आलेख

१

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. १८७८ च्या ग्रंथकार संमेलनापासून चालत आलेल्या या परंपरेत ख्रिस्ती धर्मगुरूने अध्यक्षपद भूषविण्याचा हा पहिलाच प्रसंग. निवडीनंतर जो वाद झाला तो मुख्यतः अध्यक्षांच्या धर्माविषयी आणि धर्मगुरुपदाविषयी. त्यांच्या वाङ्मयाविषयी, त्यांच्या 'सुबोध बायबल'च्या गद्याविषयी फारच थोडे बोलले गेले. ज्या जिल्ह्यात हे संमेलन भरले त्याच जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर हे गाव आहे. प्राचीन व्यापारी जगाला 'तगर' म्हणून ठाऊक असलेले हे नगर वारकऱ्यांच्या लेखी गोरोबाकाकांचे गाव आहे. शुभवर्तमानाचा अनुवादक आणि तेरचा कुंभार एका जिल्ह्यात भेटावेत हा योगायोग खरा. परंतु वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे निव्वळ योगायोग म्हणून पाहू नये असे मला वाटते. कारण मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी जे अत्यंत कठोर वचन आहे, पापाला प्रवृत्त करणारा हात तोडून टाकण्याविषयीचे, त्या वचनाला प्रत्यक्ष देह देणारी मराठीतील कथा गोरोबांचीच आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या दोन प्रतिमांच्या तुलनेपुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती साधनेत एक जुना आणि अवघड प्रश्न आहे: श्रद्धा स्वीकारल्यावर, बाप्तिस्मा घेतल्यावर, प्रार्थना आणि उपासना नित्य चालू असतानाही जे पाप माणसाच्या आत मुळे धरून राहते त्याचे काय करायचे? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात या अंतर्विरोधाला वाचा फोडली आहे; ऑगस्टीनने आपल्या कबुलीजबाबात त्याचे पहिले मोठे आत्मकथन लिहिले. मराठीत हा प्रश्न कोणत्या शब्दांनी, कोणत्या रूपबंधांतून आणि कोणाच्या तोंडून मांडला गेला याचा एक आलेख काढण्याचा हा प्रयत्न आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे आपण बहुधा धर्मांतराचे वाङ्मय म्हणून पाहतो. एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जाण्याची ती घटना असते, आणि तिचे समर्थन किंवा खंडन करणे एवढेच समीक्षेचे काम उरते. धर्मांतराच्या नंतरचे पाप हा प्रश्न त्यामुळे नजरेआड राहिला आहे.

२

प्रथम तेरची कथा. महिपतींच्या 'भक्तविजया'ने (शके १६८४, इ. स. १७६२) ती मराठी मनात कायमची रुजवली. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन माती तुडवीत असता गोरोबांच्या पायांखाली त्यांचे स्वतःचे रांगते मूल तुडवले जाते. पत्नीचा आक्रोश, दोघांचे भांडण आणि त्यातून पडलेली शपथ: आजपासून मला स्पर्श करू नका. गोरोबा शपथ पाळतात. वंश खुंटेल या भीतीने पत्नी आपल्या धाकट्या बहिणीशी त्यांचे लग्न लावून देते. सासरा निरोप देताना दोघींना सारखेच वागवा असे सांगतो, आणि गोरोबा त्या शब्दाचा अर्थ असा घेतात की शपथ आता दोघींनाही लागू झाली. एका रात्री दोघी मिळून झोपलेल्या गोरोबांचे हात आपल्या अंगावर ठेवतात. जाग आल्यावर गोरोबा ते हात तोडून टाकतात. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हाताला हात जुळवण्याची, टाळी वाजवण्याची वेळ येते. गोरोबा थोटे हात वर उचलतात, हात पुन्हा फुटतात, आणि मेलेले मूलही रांगत येते.

या कथेचे प्रचलित वाचन असे की ती व्रतनिष्ठेची परिसीमा आहे. परंतु कथेची रचना जरा बारकाईने पाहिली तर हे वाचन टिकत नाही. ज्या हातांना शिक्षा झाली ते हात निजलेले होते, त्यांनी काहीच केले नव्हते. ज्या पायांनी मूल तुडवले ते पाय मात्र शाबूत राहिले. कथेत पाप कोठे आहे असा प्रश्न विचारला तर ते कामवासनेत सापडत नाही. ते भक्तीच्याच पोटात आहे. देवाच्या नामात एवढे बुडून जाणे की पायाखालचे लेकरू दिसू नये, हा मूळ प्रमाद आहे. म्हणजे येथे दोष साधनेच्या बाहेरून येत नाही, साधनेच्या आतच तो दडलेला आहे. आणि हात तोडण्याने तो जात नाही. तो जातो तेव्हा हात तोडणारा माणूस थोट्या हातांनी, इतरांच्या मेळ्यात, आपल्या अपुरेपणासह उभा राहतो.

शुभवर्तमानातील वचनाचीही गत याहून वेगळी नाही. ते अक्षरशः घ्यावे काय, हा वाद आद्य ख्रिस्ती मंडळीपासून आहे. ओरिजेनने तारुण्यात अशाच एका वचनाचा शब्दशः अर्थ घेऊन स्वतःच्या देहावर शस्त्र चालवले असे युसेबियसने नोंदवले आहे. पुढे त्याच ओरिजेनने त्या वचनाच्या भाष्यात शब्दार्थाला चिकटून राहण्याविरुद्ध लिहिले. मार्कच्या शुभवर्तमानातच येशू अन्यत्र सांगतो की माणसाला विटाळवणारे जे काही असते ते अंतःकरणातून निघते. ही दोन वचने एकत्र वाचली की पहिल्यातील उपरोध उघड होतो: हात हे मूळ असते तर हात तोडून भागले असते.

महिपतींच्या या कथांचे इंग्रजी भाषांतर जस्टिन ॲबट या अमेरिकन मराठी मिशनच्या मिशनऱ्याने पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने केले आणि ते ॲबटच्या मृत्यूनंतर १९३३ साली प्रसिद्ध झाले. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध वारकरी संतचरित्रे उतरवण्यात घालवावा, यातच एक कबुली आहे. पापाची आणि कृपेची भाषा या भूमीला आपण शिकवायची नाही, ती येथे आधीपासून बोलली जाते, हे त्याला कळले होते.

३

तरीही ही भाषा जशीच्या तशी ख्रिस्ती विचाराला पुरेशी नव्हती. मराठीत 'पाप' हा शब्द मुख्यतः हिशेबाचा आहे. पापपुण्य जोडीने येते, साठते, फिटते, फळते. ते एका जन्मातून दुसऱ्या जन्मात नेता येते, दानाने किंवा तीर्थाने कमी करता येते. दुसऱ्या बाजूला मनाच्या वळणाविषयी बोलणारी एक समृद्ध परिभाषा संतवाङ्मयात होती: वासना, विकार, देहबुद्धी, अहंता, षड्रिपू. ख्रिस्ती पापविचाराला या दोहोंची सांधेजोड हवी होती, कारण त्यात पाप हे कृत्य आहे आणि त्या कृत्याच्या मागचा झुकावही आहे. इव्हॅग्रिअसने चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांसाठी आठ दुष्ट विचारांची यादी केली. सहाव्या शतकात महान ग्रेगरीने गर्वाला सर्वांचे मूळ मानून ती सातांवर आणली. आपले सहा रिपू आणि त्यांची सात पातके शेजारी ठेवली तर एक भेद लक्षात येतो. षड्रिपूंत 'मोह' आहे, त्याला तिकडे स्थान नाही. तिकडच्या यादीत आत्मिक आळस आहे, तो आपल्या सहांत नाही. मोह हा दृष्टीचा दोष आहे, ज्ञानाने जाणारा. आत्मिक आळस हा इच्छेचा दोष आहे, चांगले दिसत असूनही त्याकडे पाऊल न उचलणारा. रुतलेल्या पापाचा ख्रिस्ती विचार या दुसऱ्या जातीच्या दोषावर उभा आहे.

ही सांधेजोड करण्याचा पहिला मोठा प्रयत्न थॉमस स्टीफन्सचा. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने साष्टीत चाळीसएक वर्षे काढली आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने पुराणाचा रूपबंध, ओवीचा छंद आणि 'वैकुंठ'सारखे शब्द सरळ उचलले. पहिल्या पुराणात सृष्टी, देवदूतांचे पतन, आदामाचे पाप, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. या मांडणीचा परिणाम असा झाला की मूळ पापाची कल्पना मराठीत प्रथम आली ती तत्त्वचर्चेच्या रूपाने नव्हे, कथेच्या रूपाने. पूर्वजाच्या एका अवज्ञेने सगळ्या वंशाचा स्वभाव वाकला, हे पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला कळण्याजोगे होते. मात्र या कथनाला एक मर्यादाही होती. पुराणाचा नायक मी नसतो. पुराण ऐकणारा पापाची उत्पत्ती जाणतो. आपल्या पापाचा उच्चार करण्याची जागा त्याला पुराणात नाही.

ती जागा मराठी ग्रंथाबाहेर, संस्कारात होती. स्टीफन्स ज्या संघाचा होता त्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने एकाच दोषाचा पाठलाग करण्याची एक पद्धत सांगितली आहे. सकाळी उठताच त्या दोषाविषयी सावध राहण्याचा निश्चय करायचा. दुपारी आणि रात्री आठवून, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावरील रेघेवर मांडायचे. दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. हा कागद दुसऱ्याला दाखवण्यासाठी नसतो. सगळ्या पापांशी एकदम न लढता एकच निवडायचे, आणि घसरणीमुळे खचून न जाता ती मोजायची, या दोन गोष्टींत ख्रिस्ती साधनेचा फार मोठा व्यावहारिक शहाणपणा साठलेला आहे.

परंतु सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या साष्टीत हे शहाणपण सत्तेच्या सावलीत वावरत होते, हे विसरून चालणार नाही. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसले होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले. अशा परिस्थितीत 'खोल मुळे धरलेले पाप' या शब्दप्रयोगाचा अर्थच पालटला. नवख्रिस्ती माणसाच्या घरात उरलेले जुने आचार हेच त्याचे रुतलेले पाप ठरले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने तुळस लावणे, लग्नातील गाणी, पेहरावाच्या आणि जेवणाच्या चालीरीती यांवर बंदी घातली. अंतःकरणातील गर्व शोधायला निघालेली परिभाषा अंगणातील तुळस उपटण्यापाशी येऊन थांबली. ही केवळ गोव्याची शोकांतिका नाही. पापाचे नाव दुसऱ्याने ठेवायचे आणि त्याचे मूळही दुसऱ्यानेच दाखवायचे असे झाले की काय घडते, याचे ते उदाहरण आहे.

४

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर चित्र बदलले. गद्य आले, छापखाना आला, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाले आणि 'मी' लिहू लागला. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे, ही गोष्ट आपण पाठ्यक्रमात सांगतो. परंतु हा गद्यप्रकार मराठीत रुजण्यामागे पापाच्या वैयक्तिक उच्चाराची प्रेरणा आहे हे सहसा सांगत नाही. तरी 'अरुणोदया'चा रोख अंधारातून प्रकाशाकडे जाण्याचा आहे. नावातच ते आले. उजाडल्यानंतर दिवसा कसे चालायचे, हा त्या ग्रंथाचा मुख्य प्रश्न नाही.

तो प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. आणि १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे, १८९१ च्या सुमारापर्यंत, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. संस्कृत शास्त्रांची पंडिता, मिशनच्या धर्मपंडितांशी मूळ सिद्धांतांवर वाद घालणारी, जगभर कीर्ती पावलेली ही स्त्री. तिने आपल्या धर्मांतरालाच अपुरे म्हणावे, हे मराठी आत्मकथनाच्या इतिहासात विलक्षण आहे.

येथे तेरची दुसरी कथा आठवते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा आपले थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहतात, कोणते मडके भाजले गेले आणि कोणते कच्चे राहिले. नामदेव रागावतात, आणि कच्चे ठरतात. विठ्ठल ज्यांच्याशी बोलत असे, ज्यांच्या हातचे जेवत असे, त्या नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावे लागते. रमाबाई आणि नामदेव यांच्यातील साम्य वरवरचे नाही. दोघेही आत आलेले आहेत, बाहेरचे नाहीत. दोघांचाही दोष उघड पातक नाही; आपण जवळचे आहोत, आपल्याला कळले आहे, या जाणिवेतच तो आहे. ग्रेगरीने ज्याला सगळ्यांचे मूळ म्हटले तो गर्व धार्मिकतेच्या ओल्या मातीत सर्वांत चांगला वाढतो, हे कुंभाराच्या थापटण्याला नेमके ठाऊक होते.

रमाबाई १८९८ मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील मेळाव्यास गेल्या होत्या. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला क्षमेच्या पुढे जाऊन पापाच्या सत्तेवरही विजय मिळू शकतो, हे त्या मेळाव्याचे मुख्य प्रतिपादन. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनात जे पुनरुज्जीवन झाले त्याला ही पार्श्वभूमी होती. मुली रडत, ओरडत, आपापली पापे उघड बोलून दाखवत, तासन्‌तास प्रार्थना करीत. रमाबाईंच्या या उत्तरायुष्याकडे काही अभ्यासक समाजसुधारकाची पीछेहाट म्हणून पाहतात. या मताला आधार नाही असे नाही. परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. या विधवेला 'पाप' हा शब्द नवा नव्हता. तिच्या नवऱ्याचा मृत्यू हे तिच्याच मागल्या जन्मीच्या पापाचे फळ, हे तिला लहानपणापासून ऐकवले गेले होते. पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'ने (१८५७) याच विधवांच्या स्थितीचे चित्र काढले होते. ते पाप तिला आठवत नव्हते, म्हणून त्याचा पश्चात्ताप करता येत नव्हता; ते फिटण्याची मुदतही कोणी सांगत नव्हते. केडगावात तिने जे पाप बोलून दाखवले ते तिचे स्वतःचे होते. कोणावर रागावलो, काय चोरले, काय खोटे बोललो. त्याला नाव होते, म्हणून त्याला शेवटही होता. आठवणीपलीकडच्या दोषातून आठवणीतल्या दोषाकडे येणे ही पीछेहाट आहे की मुक्ती, याचा निर्णय इतक्या घाईने देता येणार नाही.

रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले; त्यांच्या निधनानंतर (१९२२) ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हिंदू तत्त्वज्ञानाचा संस्कार वागवणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. स्टीफन्सने जे उचलले ते त्यांनी खाली ठेवले. एका अर्थाने हाही हात तोडण्याचाच प्रकार होता: ज्या संस्कृत पांडित्याने त्यांना कीर्ती दिली तेच त्यांनी भाषेतून छाटून काढले. भाषांतराला त्याची किंमत द्यावी लागली. ते मराठी ख्रिस्ती समाजात सर्वमान्य झाले नाही.

५

ना. वा. टिळकांची वाट नेमकी उलट. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत राहिले. अभंग, कीर्तन, दिंडी यांना त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले. त्यांच्या अभंगांतील पापाचा उच्चार तुकारामांच्या आर्ततेशी नाते सांगतो. पण काव्यातील पश्चात्तापाला एक धोका असतो. तो सुंदर होतो. आर्तपणाचे संकेत रूढ झाले की कवी कोणत्या पापाविषयी बोलतो हे सांगण्याची गरज उरत नाही. 'मी पतित' या उद्गारात प्रत्येक दोष मावतो आणि एकही ओळखू येत नाही.

टिळकांचे पाप ओळखू आले ते त्यांच्या काव्यातून नव्हे. ते त्यांच्या पत्नीच्या गद्यातून आले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा संताप आहे, घरात पै नसताना जवळचे कोणालाही देऊन टाकणे आहे, न सांगता निघून जाणे आहे, आणि एका कार्यात बुडाल्यावर बाकी सगळ्याचे भान हरपणे आहे. हे सारे ख्रिस्ती होण्यापूर्वी होते आणि नंतरही राहिले. येथे 'नंतरही' हा शब्द महत्त्वाचा. बाप्तिस्म्याने माणसाचा स्वभाव एका दिवसात पालटत नाही, याचा एवढा प्रामाणिक पुरावा मराठी ख्रिस्ती वाङ्मयात दुसरा नाही. आणि हा स्वभाव हळूहळू मवाळ होत गेल्याचा पुरावाही याच पुस्तकात आहे. तो एखाद्या विजयाच्या घोषणेत नाही, रोजच्या लहानसहान प्रसंगांत विखुरलेला आहे.

गोरोबांच्या कथेत एक जागा रिकामी राहिली होती. लेकरू तुडवले गेल्यावर शपथ घालणाऱ्या बायकोला आपण ऐकतो ते क्षणभर. पुढे ती कथेतले निमित्त होऊन राहते. देवात बुडालेल्या माणसाच्या घरात राहणे कसे असते, हे तिने सांगितले नाही, कोणी तिला विचारलेही नाही. 'स्मृतिचित्रे' हे त्या बायकोचे पुस्तक आहे असे मी म्हणेन. ऑगस्टीनपासूनची परंपरा असे मानते की पापाचा खरा साक्षी पापी स्वतः. लक्ष्मीबाईंनी या गृहीतकाला धक्का दिला. ज्याच्या अंगावर पाप रोज पडते ती व्यक्ती त्याची अधिक अचूक साक्षीदार असते, आणि तिच्याजवळ प्रेम आणि विनोद असेल तर ती साक्ष आरोपपत्र होत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद हा शैलीचा अलंकार म्हणून आजवर वाखाणला गेला. त्याचे नैतिक कार्य अधिक मोठे आहे. दोष पाहायचा आणि माणूस टाकायचा नाही, ही क्षमेची व्याख्या तो विनोद प्रत्यक्षात आणतो.

शिवाय लक्ष्मीबाई स्वतःलाही सोडत नाहीत. पुस्तकाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने होतो. बाहेरून आलेली जिन्नस धुवून घेतल्यावाचून घरात येत नसे, आणि त्या धुण्याला अंत नव्हता. पापाच्या भीतीने माणूस बाहेरचे किती धुऊ शकतो आणि त्याने आतले किती कमी होते, याचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही. तीच सोवळ्याची सवय लेकीच्या अंगात उतरली होती. नवरा ख्रिस्ती झाल्यावर आणि त्याच्याकडे परतून आल्यावरही ती सुटत नाही. मग एके दिवशी एकटी असताना हे भेद देवाने केले की माणसांनी, असा विचार त्यांच्या मनात येतो. आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्यांची हरकत उरत नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. म्हणजे मुळावर घाव आधी पडला, संस्कार मागाहून आला. येथे नोंदवायचे ते हे की मराठी ख्रिस्ती वाङ्मयात जातिभेद हे रुतलेले पाप म्हणून प्रथम इतक्या घरगुती पातळीवर, हातातल्या पाण्याच्या भांड्यापाशी, उघडे पडले. अहमदनगर परिसरातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेली होती; त्यांना हे पाप दुसऱ्याच्या नजरेत रोज दिसत होते. त्यांच्या बाजूने हीच कथा कशी दिसते हा या आलेखातला उरलेला आणि कदाचित सर्वांत मोठा भाग आहे. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय.

६

स्टीफन्स, रमाबाई, टिळक दांपत्य या क्रमाने पाहिले तर रुतलेल्या पापाची जागा सरकत गेलेली दिसते. प्रथम ते पूर्वजाच्या कथेत होते, आणि सत्तेच्या हाती पडून ते श्रोत्याच्या अंगणात शोधले गेले. नंतर ते विश्वास ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या आत्मतृप्तीत सापडले. शेवटी ते दोन माणसांच्या मधल्या जागेत, संसारात आणि पंक्तीत दिसू लागले. त्याबरोबर उपायही बदलले: श्रवण, मग उघड कबुली, मग दीर्घ सहवास. यांतला कोणताही एक उपाय पुरेसा ठरला नाही हेही या इतिहासातून दिसते. सत्तेच्या छायेतील कबुली भीतीची झाली, भावनेच्या भरातील कबुली ओसरली, काव्यातील कबुली संकेत बनली. टिकले ते एवढेच की पाप नेमक्या नावाने सांगितले जावे, आणि ते ऐकणारा माणूस सांगणाऱ्याला सोडून जाऊ नये.

शेवटी कुंभाराकडे परत यावे लागते. तेरच्या कथेत कच्चे मडके हा कमीपणा आहे. भट्टीतून निघालेले, पाणी धरणारे मडके हा आदर्श. बायबलमधील यिर्मया संदेष्टाही कुंभाराच्या घरी जातो. अठराव्या अध्यायात तो पाहतो की चाकावर बिघडलेले भांडे कुंभार पुन्हा गोळा करून दुसरे घडवतो. एकोणिसाव्या अध्यायात भाजलेली सुरई फोडली जाते आणि ती पुन्हा सांधता येत नाही. म्हणजे तेथे कच्चेपणात आशा आहे, आणि पक्केपणात धोका. दोन्ही प्रतिमा एकाच चाकावरच्या आहेत, दोन्ही खऱ्या आहेत. रमाबाई कच्च्या ठरल्या म्हणून पुन्हा घडू शकल्या. आपण पक्के आहोत असे मानणारी संस्था, मग ती मठाची असो की मंडळीची, फुटल्यावरच कळते. मराठी समीक्षेने संतवाङ्मय आणि ख्रिस्ती वाङ्मय यांची दोन वेगळी दालने केली आहेत. त्या दालनांमधील भिंत किती कच्ची आहे हे थापटून पाहण्याचे काम अजून बाकी आहे.